दोन हिसके

“मग मला का नाही?”

रेणुकानं हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. पहिल्यांदा विचारला तेव्हा आवाज पत्र्याच्या शेडमध्येच राहिला होता. आता तो बाहेर वाळूत पालथ्या घातलेल्या होड्यांपर्यंत पोचला आणि तिथं जाळं विणत बसलेल्या दोन बायकांनी माना वर केल्या.

जनूकाका गोड्या पाण्याच्या पिंपात श्वासाच्या नळ्या बुचकळत होता. समुद्रातून आलेली नळी गोड्या पाण्यानं धुतली नाही, तर मीठ तिला आतून खातं. त्यानं एक नळी बुचकळली, झटकली, खुंटीला लावली. मग दुसरी घेतली.

“काका, मी तुमच्याशी बोलतेय.”

“आयकतंय.”

“मग उत्तर द्या की.”

…

जनूकाकाच्या या गप्प बसण्यानं भल्याभल्यांचं डोकं फिरायचं. रेणुका आवटीचं तर मुळातच फिरलेलं होतं. पाच दिवसांपूर्वी ती कृष्णाकाठच्या आपल्या गावाहून एसटीनं इथं उतरली, ती कपाळावर आठी घेऊनच. वय एकोणतीस. नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकवायची. राज्यपातळीवरची दोन पदकं गाठीशी. पाण्यातली मुलगी आणि पाण्यावरच राग, अशी गत.

आणि जनूकाका म्हणजे जनार्दन रोगे. मालवणच्या खाली एका वाडीतला गाबीत मच्छीमार, साठी उलटलेला, डाव्या कानानं बहिरा. टाक्या आणि नळ्या या किनाऱ्यावर आल्या नव्हत्या, तेव्हापासून तो नुसत्या दमावर तळाशी जाऊन खडकात अडकलेले नांगर सोडवायचा. पुढे रीतसर परीक्षा देऊन डायव्हिंगचा शिक्षक झाला. उजव्या हाताचा अंगठा अर्धाच होता. पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, हा कशानं गेला हो? तर म्हणाला, “दोरीन खाल्लो,” आणि हसला.

त्या आठवड्यात शिकाऊ दोनच. एक रेणुका आणि दुसरे ओगले मास्तर. ओगले मास्तर कराडच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. मुलीनं वाढदिवसाची भेट म्हणून त्यांचे पैसे भरले होते आणि ती भेट त्यांच्या जिवावर आली होती. पोहण्याच्या तलावात, छातीभर पाण्यातसुद्धा त्यांचे ओठ पांढरे पडायचे.

आणि आज दुपारी जनूकाकानं कार्ड दिलं ते ओगले मास्तरांना. समुद्रात अठरा मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर उतरायला हा माणूस लायक आहे, असं लिहिलेलं, सही-शिक्क्याचं कार्ड. मास्तर ते दोन्ही हातांत धरून, प्रसाद घेतल्यासारखे, जेवायला निघून गेले होते.

रेणुकाला काहीच दिलं नव्हतं.

“लेखी परीक्षेत मला पन्नासपैकी एकोणपन्नास,” ती म्हणाली. “मास्तरांना अडतीस. खरं की नाही?”

“खरा.”

“मास्क काढून परत घालणं, नळी तोंडातून सुटली तर शोधणं, जोडीदाराला आपली हवा देणं, सगळं मी पहिल्या खेपेत केलं. मास्तरांनी मास्क काढला आणि तसेच वर पळायला लागले. तुम्ही पाय धरलेत म्हणून थांबले.”

“व्हय, धरलंय.”

“चार वेळा समुद्रात उतरलो. चारही वेळा मी शेवटपर्यंत खाली होते. मास्तर पाच वेळा अर्ध्यातून वर आले. चार बुड्यांत पाच वेळा, काका. परत खाली गेले आणि परत वर आले. त्यांना कार्ड?”

“तेंका कार्ड.”

“आणि मला?”

जनूकाकानं नळी झटकली. पाण्याचे थेंब तिच्या पायावर उडाले.

“तुका नाय.”

रेणुकानं शेडच्या खांबावर तळहात आपटला. खुंट्यांवरच्या नळ्या हलल्या. जाळं विणणाऱ्या बायका आता उघडच बघत होत्या.

“मला ते सोमवारी पाहिजे, हे तुम्हाला माहितीय. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पूर-पथकाची यादी सोमवारी तालुक्याला जाते. पाण्याखाली उतरणाऱ्यांच्या रकान्यात कार्डाशिवाय नाव घालत नाहीत. परवापासून तुमचा समुद्र पावसाळ्यासाठी बंद. तो उघडणार दिवाळीच्या तोंडाला. आमच्याकडे पूर ऑगस्टात येतो, काका. पूर काय माझ्या कार्डासाठी थांबणार आहे?”

“नाय थांबाचो.”

“मागच्या पुरात आमचा माणूस गेला. गुंडू अण्णा. मला नदीत पोहायला त्यांनीच शिकवलं. एक घर पाण्यात गेलं होतं, आत माणसं अडकलेली. अण्णा कमरेला दोरी बांधून खाली गेले, छातीत दम भरून, बाकी काही नाही. दोरी माझ्या हातात होती. ते गेले आणि मी वर उभी होते. नुसती उभी.” तिचा आवाज चिरकला, त्याचाच तिला आणखी राग आला. “पुन्हा वर उभी राहणार नाही मी. ह्या वर्षी मी खाली जाणार. तेवढ्यासाठी आले इथं. फिरायला नाही आले.”

…

“पाच दिवस राबवून घेतलंत,” ती म्हणाली, “आणि शेवटी मला अंगठा दाखवलात.”

जनूकाकाचा हात पिंपातच थांबला. पहिल्यांदा त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं.

“अंगठो मी नाय दाखवलंय,” तो म्हणाला. “तू दाखवूक नाय.”

“काय?”

“पाच दिवसांत. एकदाय.”

तिला कळायला क्षणभर लागला. जमिनीवर अंगठा वर केला की ‘झकास’. पाण्याखाली त्याचा अर्थ वेगळा. तिथं ‘ठीक आहे’ म्हणायला तर्जनी आणि अंगठा जुळवून गोल करायचा. नुसता अंगठा वर केला, तर ‘वर चल’. एकानं अंगठा दाखवला की दुसऱ्यानं वर जायचं, का आणि कशाला खाली विचारायचं नाही. पहिल्या दिवशी पहिला धडा हाच होता. तेव्हा ओगले मास्तरांनी सवयीनं जनूकाकाला ‘झकास’ केलं होतं आणि जनूकाका त्यांना लगेच तलावाच्या काठावर घेऊन आला होता. रेणुका त्यावर मनसोक्त हसली होती.

आता ती हसली, पण ते हसणं कडू होतं.

“म्हणजे मी घाबरले नाही म्हणून नापास? हे बरंय. पळून येणाऱ्याला कार्ड आणि टिकून राहणाऱ्याला ठेंगा.”

“घाबरूक नाय तू?”

“नाही.”

“तिसऱ्या खेपेक, बारा मीटरवर तुझ्या मास्कात पाणी भरला. तुझे बुडबुडे मी मोजलंय. उकळत्या टोपासारखे येत होते. मी तुका विचारलंय, ठीक? तू गोल दाखवलंस.”

“मग? मास्क साफ केला ना मी नंतर?”

“केलंस. पण गोल आधी दाखवलंस.”

उत्तर सुचलं नाही की माणूस दुसरं काहीतरी काढतो, तसं रेणुकानं काढलं.

“तुम्हाला बाई माणूस खाली गेलेलं बघवत नाही, असं सरळ सांगा.”

जनूकाकाला राग यायला हवा होता. आला नाही. निदान दिसला तरी नाही. त्यानं शेवटची नळी खुंटीला लावली, पिंप आडवं करून पाणी माडाच्या आळ्यात सोडलं, हात लुंगीला पुसले.

“दोघांक एकेक टाकी शिल्लक आसा,” तो म्हणाला. “सकाळी सातला ये.”

“कशाला?”

तो जेवायला निघून गेला होता.

*

सकाळी ती आली. न येऊन सांगते कुणाला. पण आली ती तणतणतच. हवा भरायचं जाकीट अंगात घालताना पट्टे असे ओढले, की एक बकल तिच्याच बोटावर बसलं. तिनं शिवी गिळली.

होडी पास्कूची. पास्कू फर्नांडिस हा जनूकाकाचा जुना सोबती. इंजिन, नांगर आणि दोऱ्या त्याच्याकडे. रेणुकावर त्याची पहिल्या दिवसापासून खप्पामर्जी होती आणि त्याला कारणही होतं. त्या दिवशी होडी किनाऱ्याला लागताना त्यानं पुढच्या दोरीचं टोक तिच्याकडे फेकलं, कारण तीच सगळ्यांत पुढं उभी होती. तिनं हात पुढं केला नाही. दोरी तिच्या खांद्याला लागून पाण्यात पडली, होडी आडवी झाली आणि ओगले मास्तर सिलिंडरांवर कोसळले. पास्कू पुटपुटला ते कोकणीत होतं म्हणून बरं. त्यानंतर रोज होडी वाळूला लागायच्या आत रेणुका उडी मारून मोकळी व्हायची. दोरी जो धरेल तो धरेल.

जनूकाकानं ते पाहिलं होतं. आणखी एक पाहिलं होतं. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबावं लागतं, खोलवर अंगात मुरलेली हवा सावकाश बाहेर पडावी म्हणून. शिकाऊ माणसं तिथं नांगराच्या दोरीला घट्ट धरून राहतात. ओगले मास्तर तर तिला मिठी मारायचे. रेणुका दोरीपासून हातभर लांब, हात छातीशी बांधून, आडवी तरंगत राहायची. एक वीतभर वर नाही की खाली नाही. असं शिकायला माणसाला वर्ष लागतं. पास्कूसुद्धा त्याचं कौतुक करायचा. जनूकाकानं मात्र ते कधी केलं नाही.

खडकाच्या आडोशाला नांगर पडला. पाणी निवळ होतं.

“तिथं जाऊन काय करायचंय?” तिनं विचारलं.

“फिराचा.”

“परीक्षा कसली?”

“फिर तर.”

होडीच्या काठावरून पाठीमागं पडून दोघं पाण्यात गेले.

नऊ मीटरवर वाळू लागली. रेणुका सराईतपणे पोटाखाली हातभर पाणी ठेवून सरळ झाली. रात्रभर तिनं ठरवलं होतं, की आज काका जे सांगेल ते असं करून दाखवायचं, की त्याला बोट ठेवायला जागा राहता कामा नये. मास्क काढ म्हणाला, तर दोनदा काढीन. नळी सोड म्हणाला, तर डोळे मिटून शोधीन.

जनूकाकानं काहीच सांगितलं नाही. खडकाच्या कडेनं तो पुढं निघाला. ती शेजारी. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा बाजूनं गेला.

तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला जनूकाका थांबला. तिच्याकडे वळला. उजवा हात वर केला आणि अर्धा अंगठा दाखवला.

वर चल.

रेणुकानं आधी हवेचा काटा पाहिला. एकशे सत्तर. भरपूर होती. त्याचा काटा पाहिला, तीही भरपूर. त्याच्या नळीतून बुडबुडे सावकाश येत होते. काहीही झालेलं नव्हतं. तिनं तळहात उलटे केले, म्हणजे काय झालं?

त्यानं अंगठा दाखवला.

तिनं गोल करून दाखवला, मी ठीक आहे. मग पुढं बोट केलं, तिकडे जाऊ या.

त्यानं अंगठा दाखवला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस ती शेवटची टाकीसुद्धा आपल्याला पुरी करू देत नाही. तिनं मान जोरात हलवली. नाही. जनूकाका तसाच थांबला, अंगठा वर. किती वेळ कुणास ठाऊक. शेवटी ती वळली आणि वर निघाली, आपल्या बुडबुड्यांशी भांडत; पाच मीटरवरची तीन मिनिटंसुद्धा तिनं भांडतच काढली.

डोकं पाण्याबाहेर येताच तिनं तोंडातली नळी काढून फेकली.

“काय झालं होतं?”

जनूकाकानं शांतपणे जाकिटात हवा भरली. दोघं लाटेवर वरखाली होत होते.

“काय नाय.”

“काही झालं नव्हतं? मग वर कशाला आणलंत मला?”

“तीन खेपे दाखवलंय.”

“तुमचा अंगठा अर्धा आहे. मला नाही दिसला नीट.”

हे तिच्या तोंडून निघून गेलं आणि ते खोटं आहे हे दोघांनाही माहीत होतं.

“दिसलो,” तो म्हणाला. “तिनय खेपेक दिसलो.”

“दिसला, दिसला. पण काहीच झालेलं नसताना मी का वर यायचं? कारण नको? माणसानं विचारायचंसुद्धा नाही?”

…

पास्कूनं होडीतून वाकून पाहिलं आणि पुन्हा मागं झाला.

जनूकाकानं मास्क कपाळावर सरकवला. त्याचे डोळे खाऱ्या पाण्यानं कायमचे लाल असत.

“तेना दोरी किती खेपे ओढल्यान?”

“कुणी?”

“तुझ्या अण्णान.”

लाट आली, गेली. रेणुकाच्या तोंडात खारट पाणी गेलं, तिनं ते थुंकलं नाही.

“तुम्हाला काय करायचंय?”

“किती खेपे?”

“अण्णांचं नाव काढायचं नाही तुम्ही.”

…

“दोनदा,” ती म्हणाली.

तो आपल्याकडे बघतही नाही, असं तिला वाटलं. मग ती बोलायला लागली. बोलणं कसलं, दात-ओठ खाऊन एकेक शब्द त्याच्या तोंडावर मारत होती.

“आमच्यात ठरलेलं असतं. एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन हिसके म्हणजे ओढून घे. अण्णांनी दोन दिले. कळले मला. लहानपणापासून ठाऊक आहेत मला ते हिसके, कळणार नाहीत कसे. पण अण्णा नुकतेच तर गेले होते. चाळीस-पन्नास आकडेसुद्धा झाले नव्हते. त्यांचा दम दीड मिनिटाचा. आतली माणसं ओरडत होती. आजवर अण्णा कधी अर्ध्यातून परत आले नव्हते, कधीच नाही. मला वाटलं, काहीतरी चूक आहे. मला वाटलं…”

तिनं लाटेवर मूठ मारली.

“मी एक हिसका दिला. ठीक ना, म्हणून. विचारलं मी त्यांना.”

…

“मग?”

“मग काय मग? उत्तर आलं नाही. ओढलं तर दोरी कशाला तरी अडकलेली. नंतर सात जणांनी ओढली.” तिचा चेहरा वेडावाकडा झाला होता. “सगळे म्हणाले, रेणुका, तू काय करणार, पाणीच तसं होतं. सगळे. त्यांच्या घरचेसुद्धा. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, मला जवळ घेतलं. कुणी विचारलंच नाही, किती हिसके आले म्हणून. आणि तुम्ही कोण लागून गेलात विचारणारे?”

जनूकाकानं आपला काटा पाहिला, तिचा पाहिला.

“हवा आसा,” तो म्हणाला.

“नाही जायचं मला. ठेवा तुमचं कार्ड.”

“बरा.”

त्यानं होडीकडे तोंड केलं. तेही तिला सहन झालं नाही. हा बरा म्हणतो. म्हणजे हा मला सोडून देतो. तिनं नळी तोंडात कोंबली, जाकिटातली हवा सोडली आणि त्याच्याआधी खाली गेली.

जोडीदाराला मागं टाकून खाली जायचं नसतं. हेसुद्धा पहिल्या दिवशीच शिकवलेलं होतं. जनूकाका निमूट तिच्यामागं गेला.

*

ती वाळूवर गुडघे टेकून बसली. हातभर तरंगण्याचं सगळं कसब गेलं कुठल्या कुठं. गुडघ्यांखालची वाळू ढगासारखी उठली आणि सावकाश बसली. जनूकाका समोर बसला.

त्यानं विचारलं, ठीक?

तिच्या उजव्या हाताची बोटं आपसूक जुळायला निघाली. गोल होतच आला होता. बोटाला बोट टेकायला कागदाएवढं अंतर राहिलं आणि हात तिथंच थांबला.

पाण्याखाली माणसाला स्वतःचा श्वास ऐकू येतो, दुसरं काही नाही. रेणुकाला तो ऐकू येत होता. आत ओढलेला, बाहेर टाकलेला, पुन्हा ओढलेला, पुरता बाहेर न टाकता पुन्हा ओढलेला. टाकीत हवा होती. पाणी निवळ होतं. वर होडी होती, तिची सावली दिसत होती. कारण म्हणून दाखवावं असं काही नव्हतं. आणि छातीवर कुणी धोंडा ठेवल्यासारखं झालं होतं. हे आजचं नव्हतं. तिसऱ्या बुडीला होतं, पहिल्या बुडीला होतं, तलावावर लहान पोरांना शिकवतानाही असायचं. दहा महिने होतं.

अण्णांना असंच झालं असेल का?

त्यांनाही सांगण्यासारखं काही कारण नसेल का? नुसतंच वाटलं असेल, आता पुरे. आता वर. वर रेणुका आहे.

तिच्या मास्कात पाणी भरायला लागलं. मास्क गळत नव्हता.

हातातला अर्धवट गोल तिनं उघडला. चार बोटं मिटली. अंगठा तेवढा बाहेर राहिला, आणि तो वर करायला तिला होती नव्हती ती सगळी ताकद लागली.

अंगठा पुरता वर व्हायच्या आत जनूकाका हलला होता. त्यानं तिच्याकडे प्रश्नानं पाहिलं नाही. काटा पाहिला नाही. तिच्या दंडाला धरलं आणि तिच्या बुडबुड्यांच्या वेगानं, त्याहून जराही घाई न करता, तो तिला घेऊन वर निघाला.

पाच मीटरवर थांबले. तीन मिनिटं.

नांगराची दोरी समोर होती, ओली, हिरवट, काथ्याची. जनूकाकानं ती धरली. रेणुका हातभर लांब तरंगत होती. पहिलं मिनिट गेलं. दुसरं गेलं. मग ती जवळ आली आणि तिनं त्याच्या हाताखाली दोरी धरली, आधी दोन बोटांनी, मग मुठीनं. दोरीतून वरच्या होडीचं हलणं तिच्या हातात येत होतं.

*

होडीत चढल्यावर पास्कूनं दोघांना पाणी दिलं आणि नांगर ओढून इंजिन सुरू केलं.

रेणुका फळीवर बसून राहिली. विचारेल आता, असं तिला वाटत होतं. का वर आलीस, काय झालं, काहीतरी. जनूकाकानं टाकीची चावी बंद केली. नळी सोडवली. टॉवेलनं डोकं पुसलं, बहिऱ्या कानातलं पाणी काढलं.

“विचारा की,” ती म्हणाली. आवाज अजून घोगरा होता आणि राग अजून त्यातच होता, पण तो आता नेमका कुणावर, हे तिलाही सांगता आलं नसतं.

“काय?”

“का वर आले ते.”

“वर इल्यार कोण विचारता?”

प्लॅस्टिकच्या डब्यातून त्यानं एक कोरं कार्ड काढलं. गुडघ्यावर ठेवलं. अर्ध्या अंगठ्यामुळं त्याला पेन दोन बोटांच्या बेचक्यात धरावं लागायचं. होडी हलत होती, त्यामुळं अक्षर फारच वाईट आलं. रेणुका आवटी. तारीख. सही. शिक्का त्यानं आपल्या तोंडाची वाफ देऊन मारला.

तिनं ते घेतलं. वाचलं. उलटंपालटं केलं. पाच दिवस ज्याच्यासाठी ती सगळ्या जगाशी भांडली होती, ते एवढंसं होतं, आणि त्याच्यावर तिच्याच केसांतलं पाणी गळत होतं.

“सोमवारी नाव जाईल,” ती म्हणाली. “खाली उतरणाऱ्यांत.”

जनूकाकानं पेनाला टोपण लावलं.

किनारा जवळ आला. पास्कूनं इंजिन बंद केलं आणि होडी आपल्या ओढीनं वाळूकडे सरकू लागली. रेणुका रोजच्या सवयीनं उठली, कार्ड दातांत धरलं, उडी मारायला एक पाय काठावर ठेवला.

जनूकाका तिच्या पुढं गेला. पुढच्या दोरीचं वेटोळं त्यानं उचललं आणि टोक तिच्या हातात दिलं. तिच्या बोटांवर आपली साडेचार बोटं ठेवून मूठ मिटवली.

“खाली कोणय उतरात गो,” तो म्हणाला. “दोरी तू धर.”